सातचे सहा

अभिनंदन मगदूमने माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "निश्या, ह्यो आकडा वाच."

पहिला कागद म्हणजे आमच्याच दैनिकाच्या शुक्रवारच्या पुरवणीचं कात्रण होतं. 'खेळाचे गुण' हे माझं सदर, त्याखाली माझं नाव, निशिकांत पोवार, आणि चौकटीत त्या आठवड्याचा मोबाईल गेम, 'चकवा'. चौकटीच्या तळाशी दहापैकी गुण छापलेले.

"सात," मी म्हणालो.

"आता ह्यो वाच."

दुसरा कागद बंगळुरूहून आलेला फॅक्स होता. इंग्रजीत पाच नियतकालिकांची नावं आणि प्रत्येकासमोर आकडा. आठ, सात, सहा, सात. सगळ्यात खाली आमच्या दैनिकाचं नाव आणि त्याच्यासमोर इंग्रजी सहा.

"हा सहा कुठून आला?"

"तिथल्या पोरीला मराठी येत न्हाई. आपला सात तिला इंग्रजी सहावानी दिसला. जरा मान वाकडी करून बघ की, दिसतोयच तसा." अभिनंदन हसत होता, पण कपाळावर घाम होता. "फोन केल्ता मी. बिचारी सॉरी म्हणाली. पण तोंडी चालत न्हाई म्हणे. दैनिकाच्या लेटरहेडवर दोन ओळी पायजेत, आज पाचच्या आत. सोमवारी यादी साहेबाकडं जाती."

घड्याळात सव्वातीन झाले होते. मीही हसलो. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलेलो, आणि गुणांच्या बाबतीत त्याच्या नशिबी कायम असंच काहीतरी यायचं.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. फोनला तेव्हा बटणं असायची आणि कोल्हापुरात गेम तयार करतो असं कुणी सांगितलं तर लोक पत्त्यांचा क्लब समजायचे. अभिनंदनने साखर कारखान्यातली नोकरी सोडून शाहूपुरीत स्पेअर पार्टच्या दुकानावर एक खोली घेतली होती. चित्रं काढायला वसीम मुल्ला, तोही पुण्याची नोकरी नाकारून आलेला. प्रोग्राम लिहायला अभिनंदनची धाकटी बहीण पद्मजा. तिचं लग्न दोनदा पुढे ढकललं होतं, कारण तिला हे काम पुरं करायचं होतं. तिघांनी दीड वर्ष घासून 'चकवा' केला. उसाच्या फडात रात्री वाट चुकलेला एक गडी, आणि त्याला फिरवत ठेवणारा चकवा.

परदेशातल्या एका कंपनीने तो बाजारात आणला. तिचं इथलं ऑफिस बंगळुरूला होतं. अट एकच होती. निदान चार छापील परीक्षणं हवीत आणि त्यांच्या गुणांची सरासरी सात भरायला हवी. भरली तर पुढच्या तीन वर्षांचं काम, नाही भरली तर रामराम. बाकीची चारही परीक्षणं इंग्रजीत होती. आमचं दैनिक यादीत नव्हतंच. अभिनंदननेच हट्ट धरून ते घालायला लावलं. मराठी माणसाच्या गेमला मराठीत कुणी गुण दिले नाहीत तर काय उपयोग, असं त्याचं म्हणणं होतं, आणि मराठीत गुण देणारा माझ्याशिवाय दुसरा कुणी नव्हता. हे सगळं त्याने मला आधीच सांगितलं होतं. वर म्हणाला होता, "तू मात्र तुझं लिही हां."

आमचे सात धरले तर पाचांची बेरीज पस्तीस, सरासरी बरोबर सात. सहा धरले तर गेलं सगळं.

"चल," मी म्हणालो. "मॅडमची सही घेऊ. पाच मिनिटांचं काम आहे."

पुरवणीच्या संपादक तोरस्कर मॅडम आतल्या केबिनमध्ये बसायच्या. एकेकाळच्या मुद्रितशोधक. त्यांच्या नजरेतून ऱ्हस्व-दीर्घही सुटायचं नाही, तर माणूस काय सुटणार. पण माझ्यावर त्यांचा जीव होता. दोनच महिन्यांपूर्वी एका वाचकाने पत्र पाठवलं होतं की फोनवर खेळायचा पगार घेणारा तुमचा हा गृहस्थ ओळखीपाळखीच्यांना गुण वाटत सुटलाय. मालकांनी सदर बंद करायचं मनावर घेतलं होतं. तेव्हा मॅडम भर बैठकीत म्हणाल्या, "निशिकांतचा आकडा निशिकांतचाच असतो. त्याची हमी मी देते." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

अभिनंदनने त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. मॅडमनी दोन्ही कागद पाहिले आणि कधी नव्हे ते हसल्या.

"सातचा सहा. आपल्या आकड्यांची ही गंमतच आहे. बसा, देते लिहून." त्यांनी लेटरहेड काढलं, पेनचं टोपण काढलं आणि थांबल्या. "मूळ प्रत तेवढी बघू दे."

हा त्यांचा नियम होता. छापून आलेल्या मजकुराबद्दल बाहेर काही लिहून द्यायचं, तर आधी लेखकाच्या हातची प्रत बघायची. मागे एकदा बदनामीची नोटीस आली होती, तेव्हापासून सगळ्या हस्तलिखितांच्या फायली तीन महिने जपून ठेवायच्या. मला नियम ठाऊक होता. हसण्याच्या भरात तो मी विसरलो होतो. मॅडमनी फाईल उघडली तेव्हा तो आठवला.

मॅडमनी माझा कागद काढून उजेडाकडे धरला. खाली उजव्या कोपऱ्यात मी ६ लिहिला होता. त्यावर आडवी काट मारून शेजारी ७.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

मी पुढे वाकून बघितल्यासारखं केलं.

"खोडलंस कधी?"

"गुरुवारी. प्रत देताना."

"का?"

अभिनंदन माझ्याकडे बघत होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. गुरुवारी दुपारी प्रत द्यायला उठलो तेव्हा बाकीचे चार आकडे छापून आलेले होते. मनातल्या मनात बेरीज केली, पेन काढलं आणि सहावर काट मारली. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यात मला फार काही वाटलंही नव्हतं.

"यांनी सांगितलं म्हणून?" मॅडमनी अभिनंदनकडे न बघता विचारलं.

"न्हाई मॅडम," अभिनंदन पटकन म्हणाला. "देवाशप्पत न्हाई. मी एका शब्दानं बोललो न्हाई."

"मी निशिकांतला विचारतेय." त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघ, मला दुसरं काही नको. तुझ्या मते या खेळाचे गुण किती? तू सात म्हणालास तर मी आत्ता सही करते. तुझा शब्द मला पुरेसा आहे."

एकच शब्द हवा होता. सात म्हणायला जेवढा श्वास लागतो तेवढाच सहा म्हणायला लागतो. पण समोर मॅडम होत्या, त्यांनी माझी हमी घेतलेली होती, आणि मैत्रीखातर गुण वाटणारा तो मी नव्हेच असं दाखवायची याहून चांगली संधी मला मिळणार नव्हती. माझी मान आपोआप ताठ झाली.

"माझ्या मते सहाच, मॅडम," मी म्हणालो. "मैत्री आडवी आली म्हणून सात केले. चूक झाली."

खरं सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. असं बोलायला छाती लागते, असं मनात येऊन गेलं. अभिनंदनकडे मी बघितलं नाही.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्या अभिनंदनला म्हणाल्या, "मला वाईट वाटतंय. पण मग बंगळुरूचा आकडा बरोबर आहे आणि आमचा चुकला. मला पत्र देता येणार नाही. उलट शुक्रवारी आम्हाला दुरुस्ती छापावी लागेल."

अभिनंदनने मान हलवली. त्याने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. तो शांतपणे माझ्याकडे वळला.

"सहा का रं?" त्याने विचारलं. "रागानं न्हाई विचारत. कळू दे तरी."

समीक्षकाला आवडता प्रश्न. मी बोटांवर मोजत सुरू झालो. मधेच फोन आला की गेम पहिल्यापासून सुरू होतो. बांध सगळे सारखेच दिसतात.

"चकवाच हाय त्यो," अभिनंदन म्हणाला. "सारखेच दिसाय पायजेत."

"असतील. पण खेळणारा कंटाळतो. आणि शेवट."

"शेवटाचं काय?"

"शेवट फार लवकर उरकलाय. एवढं भटकून घरी पोचल्यावर जे समाधान मिळायला हवं ते मिळत नाही. घर नुसतं येतं आणि गेम संपतो."

हे मी सहज बोललो. वाट चुकलेल्या माणसाचा गेम आहे म्हटल्यावर तो शेवटी घरीच पोचणार, आणि कुठल्याही गेमचा शेवट उरकलेलाच असतो. हे वाक्य मी आधीही दोन-तीन गेमना वापरलेलं होतं.

अभिनंदन माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा प्रश्न हळूहळू गेला.

"बरं," तो म्हणाला. त्याने दोन्ही कागद गोळा केले, मॅडमना नमस्कार केला आणि बाहेर पडला.

मी त्याच्या मागोमाग जिन्यात गेलो. मधल्या वळणावर तो उभा होता. खाली छपाईची मशीन बंद होती, त्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

"निश्या," तो म्हणाला, "शेवटी घर येतच न्हाई."

मला पटकन कळलं नाही.

"आमच्या गेमात. शेवटी घर येत न्हाई. दिवस उजाडतो आणि गडी जिथनं निघाला त्याच बांधावर उभा असतो. बस. पद्मीनं त्या एका चित्रापायी वसीमला चार महिने छळलंय." त्याने आवाज चढवला नाही. "कुठवर खेळलास?"

"अभ्या, ऐक..."

"कुठवर?"

"तिसऱ्या टप्प्यापर्यंत."

"आणि हायत किती?"

मला ते माहीत नव्हतं.

"नऊ," तो म्हणाला.

परीक्षणासाठी दैनिकाने दिलेला एकच मोबाईल होता, आणि तोच जाहिरात विभागाचाही होता. तिसऱ्या टप्प्यात पोचलो की कुणा ज्वेलर्सचा फोन यायचा, पान तीनवरची जाहिरात उलटी लागलीय म्हणून. गेम पुन्हा पहिल्यापासून. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी खेळलोच नाही. पुस्तिका वाचली, चित्रं चाळली आणि सहा लिहून मोकळा झालो. आमच्या धंद्यात सहा हा फार सोयीचा आकडा असतो. पाच दिले तर भांडण होतं, सात दिले तर कारण द्यावं लागतं. सहाला कुणी काही विचारत नाही.

"सिम काढून खेळ म्हणून चिठ्ठी दिल्ती मी तुला," अभिनंदन म्हणाला. "त्या कंपनीच्या हँडसेटला ती खोडच हाय. गेमच्या डब्यातच ठेवल्ती."

चिठ्ठी मी वाचली होती. सिम काढायचं तर जाहिरातवाल्या माळीकडे जाऊन परवानगी मागावी लागली असती, आणि तो मला हसला असता. तेवढ्यासाठी मी गेलो नाही.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"अजून करता येतंय." त्याने फॅक्स पुन्हा उघडला. त्याने जिन्यातच हिशोब मांडला होता, बोट कागदावरून भराभर फिरत होतं. "वर जा. मॅडमला सांग, गेम पुरा खेळलो न्हाई. सात न्हाई आणि सहा पण न्हाई, परीक्षणच मागं घेतो म्हण. त्यांच्याकडनं तेवढ्याच दोन ओळी आण. तुझा आकडा यादीतनं गेला की उरले चार. चौघांची बेरीज अठ्ठावीस, चारानं भागलं की सात. अटीत निदान चारच मागितलीत."

मी मनात बेरीज केली. बरोबर होती.

"तूच सांग ना मॅडमना," मी म्हणालो.

"मी सांगून काय उपेग? नापास झाल्यावर पोरगं मास्तरनं पेपर तपासला न्हाई म्हनतंय, असंच वाटंल त्यांस्नी. तुझ्याच तोंडनं पायजे."

"माझं सदर जाईल, अभ्या. नोकरीसुद्धा जाईल कदाचित."

"जाईल," तो म्हणाला. त्याने उगाच धीर दिला नाही. "मला काय ते कळत न्हाई व्हय? पर आम्ही तिघं हाव. आणि गेम बरा हाय रं. तू बघितला न्हाईस, म्हणून सांगतो. बरा हाय."

चार वाजून गेले होते. मी वर गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो, एवढं अजूनही मला नक्की आठवतं. वाक्यसुद्धा तयार होतं: मॅडम, मी गेम पूर्ण खेळलेलो नाही.

केबिनमध्ये मॅडम दुरुस्तीची चौकट लिहीत होत्या. मला बघून त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला. मी उभाच राहिलो.

"गेला का तो?"

"खाली आहे."

"जिवाला लागलं असेल त्याच्या. तुझ्याही." त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. "बत्तीस वर्षं मी या धंद्यात आहे, निशिकांत. मित्राला समोर बसवून त्याच्या तोंडावर खरं बोलणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला. त्या बैठकीत मी तुझ्या बाजूने उगाच भांडले नव्हते. काय म्हणत होतास?"

तयार वाक्य तोंडात होतं. ते मी गिळलं.

"काही नाही," मी म्हणालो. "थँक्यू, मॅडम."

मग मी माझ्या टेबलाशी जाऊन बसलो. टेबल आवरलं. जुने अंक तारखेप्रमाणे लावले, पेन्सिलींना टोकं केली, पुढच्या शुक्रवारच्या गेमचा डबा उघडून त्यातली पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघत नव्हतो, तरी किती वाजले ते मला प्रत्येक मिनिटाला ठाऊक होतं. पाऊण तास असतो केवढा. त्या वेळात मी केबिनमध्ये वीस वेळा जाऊन येऊ शकलो असतो. पाचाला दहा कमी असताना मॅडम पिशवी घेऊन निघाल्या आणि जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेल्या. तेव्हाही त्यांना थांबवता आलं असतं. मी पुस्तिका वाचत राहिलो.

लोक अजूनही मला परखड समीक्षक म्हणतात. ते सदर पुढे अकरा वर्षं चाललं. मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांनी हाच प्रसंग सांगितला, आणि सभागृहाने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. शाहूपुरीतली खोली तीन महिन्यांत रिकामी झाली. वसीमने पुण्यात मिळेल ती नोकरी धरली, पद्मजाचं लग्न झालं आणि ती हुबळीला गेली. अभिनंदनला कारखान्याने परत घेतलं नाही. तो इचलकरंजीला मेहुण्याच्या यंत्रमागाच्या कचेरीत बसू लागला. त्याने पुन्हा गेम केला नाही. 'चकवा' चालेल असा फोन आता कुणाकडे नाही. मी शोधला, सापडला नाही. त्या गेमला किती गुण द्यायला हवे होते हे मला माहीत नाही आणि आता कधी कळणारही नाही.

त्या दिवशी सव्वापाचला मी खाली उतरलो. तो गेला असेल असं मला वाटलं होतं, खरं तर गेलेला असावा अशी इच्छा होती. तो स्कूटरवर बसलेला होता. त्याने माझ्या हाताकडे बघितलं. हातात कागद नव्हता. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि विचारायचं काही उरलं नाही.

"बस," तो म्हणाला. "सोडतो तुला."

"नको, मी जाईन चालत."

"बस रं. वाटंवरच हाय."

मी मागे बसलो. बिंदू चौकात शनिवारची गर्दी होती. तो नेहमीसारखा सावकाश, प्रत्येकाला वाट देत चालवत होता. त्याची पाठ माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. मला माफी मागायची होती, पण पाठीला काय बोलणार, आणि समोरासमोर बोलायची माझी हिंमत नव्हती. मंगळवार पेठेत माझ्या घरासमोर त्याने स्कूटर थांबवली.

दारात आई उभी होती. "अभिनंदन, आत ये रे बाळा," ती म्हणाली. "बऱ्याच दिसांनी आलास. चहा टाकते."

"नको काकू, पुन्हा येतो. खोलीवर दोघं वाट बघालेत." आई आत गेल्यावर तो हलक्या आवाजात मला म्हणाला, "अजून कुणाला फोन केल्याला न्हाई. पद्मीनं पेढे आणून ठेवल्यात."

"काय सांगणार त्यांना?" मी विचारलं.

त्याने थोडा विचार केला. "आपलाच गेम कमी पडला म्हणून सांगतो. तुझं नाव कशाला घ्यायचं?"

"बरं," मी म्हणालो.